नवी मांडणी लोकांस रुचली काय?

कांहीं वर्षांपूर्वीं आमच्या शाळेच्या वाचनालयाची मांडणी बदलण्याचें काम आमच्याकडे आलें. तोंपर्यंत पुस्तकें कुलुपबंद कपाटांत नोंदणीच्या क्रमांकाप्रमाणें लावलेलीं असत, आणि मुलानें चिठ्ठीवर नांव लिहून दिलें म्हणजे शिपाई तें पुस्तक काढून देई. आम्हीं कपाटांचीं दारें काढविलीं, पुस्तकें विषयवार लाविलीं आणि मुलांस स्वतः हात घालून निवड करण्याची मोकळीक दिली. महिन्याभरानें वर्गावर्गांतून जाऊन विचारलें, "नवी व्यवस्था कोणाकोणास आवडली? हात वर करा." एकूणएक हात वर झाले व आम्ही समाधानानें घरीं गेलों. पुढें सत्राच्या अखेरीकडे देवघेवीची वही चाळतांना दिसलें कीं, वरच्या वर्गांतील मुलांनीं नेलेलीं पुस्तकें वाढलीं होतीं खरीं, पण पांचवी व सहावीच्या मुलांनीं नेलेलीं पुस्तकें पूर्वींपेक्षां कमी झालीं होतीं. वर केलेले हात खोटे होते असें नव्हे. मास्तरांनीं स्वतः खपून केलेल्या व्यवस्थेविषयीं मास्तरांनींच समोर उभें राहून विचारलें असतां दुसरें उत्तर कोणता मुलगा देईल? चूक प्रश्नांत होती, आणि प्रश्न विचारणारा जेथें उभा होता त्या जागेंत होती.

हाच पेंच फार मोठ्या प्रमाणावर इंटरनेटवरील संकेतस्थळांच्या चालकांपुढें वारंवार येतो. कोट्यवधि लोक ज्या पानाकडे रोज पाहतात, त्या पानाचें रूप एका सकाळीं बदलतें. कोणी संतापतात, कोणी वाखाणतात, बहुतेक कांहींच बोलत नाहींत. मग नवी मांडणी लोकांस मानवली कीं नाहीं, हें ओळखावें कसें? छायाचित्रांची देवघेव करणाऱ्या एका प्रसिद्ध संकेतस्थळाचें उदाहरण मुख्यत्वें घेऊन या प्रश्नाचा विचार करावा, असें आम्हीं योजिलें आहे. वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांस संख्याशास्त्राचे कांहीं धडे त्यांतच अनायासें मिळतील.

फ्लिकर हें तें संकेतस्थळ. कॅनडांतील व्हँकूव्हर शहरीं लुडिकॉर्प नांवाच्या लहानशा कंपनीनें तें फेब्रुवारी २००४ मध्यें सुरू केलें. स्ट्यूअर्ट बटरफील्ड व कॅटरिना फेक हे तिचे प्रवर्तक. त्यांचा मूळ बेत इंटरनेटवर खेळावयाचा एक खेळ काढण्याचा होता. तो बाजूस राहिला आणि चित्रें एकमेकांस दाखविण्याचें साधन पुढें आलें. मार्च २००५ मध्यें याहू कंपनीनें तें विकत घेतलें. येथें सभासद आपलें छायाचित्र चढवी, त्यास नांव देई, खालीं चार ओळी लिही, आणि पुढें कोणास शोधतां यावें म्हणून त्यास ओळखीचे शब्द जोडी. दुसरे सभासद येऊन अभिप्राय लिहीत. चित्र लहान व भोंवतीं पांढरी जागा पुष्कळ, अशी ती जुनी मांडणी होती. आल्बमाच्या पानावर कोपरे चिकटवून फोटो लावावा व खालीं शाईनें मजकूर लिहावा, तशी. जानेवारी २००८ मध्यें अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसनें आपल्या संग्रहांतील सुमारें ३,००० जुनीं छायाचित्रें तेथें मांडलीं, तेव्हां कोठल्या कोठल्या लोकांनीं त्यांतील स्थळें व माणसें ओळखून माहिती पुरविली. म्हणजे हें नुसतें कोठार नव्हतें. ही एक वस्ती होती, व वस्तींत जसे शेजारधर्म असतात तसे तेथेंही होते.

२० मे २०१३ रोजीं या वस्तीचें रूप पालटलें. पांढरी जागा नाहींशी झाली. मोठीं मोठीं चित्रें एकमेकांस खेटून, कांठापासून कांठापर्यंत, भिंतींतील चिऱ्यांप्रमाणें बसविलीं गेलीं. चित्राचें नांव वाचण्यासाठीं माउसचा बाण चित्रावर नेणें भाग पडूं लागलें. त्याच दिवशीं प्रत्येक सभासदास एक टेराबाइट जागा विनामूल्य देण्याचें जाहीर झालें. त्याच दिवशीं पैसे भरून घेण्याचें जुनें 'प्रो' सभासदत्व नव्या लोकांस बंद झालें. त्याच दिवशीं याहूनें टंबलर नांवाचें दुसरें संकेतस्थळ विकत घेत असल्याचें जाहीर केलें, आणि त्या गडबडींत याहूच्या मुख्याधिकारी मॅरिसा मायर यांच्या तोंडून, आतां व्यावसायिक छायाचित्रकार असें कांहीं उरलेलें नाहीं अशा आशयाचें वाक्य निघून गेलें, ज्याबद्दल त्यांनीं नंतर क्षमा मागितली. जुन्या सभासदांच्या तक्रारींचा अर्थातच पूर लोटला.

आतां या तक्रारी मोजून उत्तर मिळेल काय? १९३६ सालीं अमेरिकेंत लिटररी डायजेस्ट या साप्ताहिकानें अध्यक्षाच्या निवडणुकीचें भाकीत करण्यासाठीं सुमारें एक कोटि मतपत्रिका लोकांस टपालानें पाठविल्या. त्यांपैकीं तेवीस लक्षांहून अधिक भरून परत आल्या. एवढी मोठी चांचपणी तोंवर क्वचितच झाली असेल. त्यांवरून साप्ताहिकानें सांगितलें कीं, लँडन यांस शेंकडा ५७ मतें मिळून ते विजयी होतील. प्रत्यक्षांत रूझवेल्ट यांस शेंकडा सुमारें ६१ मतें पडलीं व लँडन यांच्या पदरीं मेन व व्हरमाँट हीं दोनच राज्यें आलीं. दोष दुहेरी होता. पत्ते घेतले ते टेलिफोन व मोटारगाडी बाळगणाऱ्यांच्या याद्यांतून, म्हणजे त्या मंदीच्या काळांतल्या सुखवस्तु लोकांचे; आणि त्यांतही उत्तर धाडण्याची तसदी घेतली ती ज्यांच्या मनांत कांहीं तीव्र होतें त्यांनीं. पाउण कोटीहून अधिक लोक गप्प राहिले, आणि गप्प राहणारांचें मत बोलणारांसारखेंच असतें असें साप्ताहिकानें गृहीत धरलें.

फ्लिकरच्या बाबतींत हें जसेंच्या तसें लागू पडतें. तक्रार लिहावयास बसला तो जुना, जिव्हाळ्याचा सभासद. ज्यानें वर्षानुवर्षें चित्रें लावलीं, ज्याची मांडणी मोडली. काल आलेला नवा मनुष्य कशाला तक्रार करील? त्यास जुनें रूप ठाऊकच नाहीं. तेव्हां तक्रारींची संख्या ही एकंदर सभासदांच्या मनाचें माप नव्हे. परंतु येथून पुष्कळ चालक एक उडी मारतात ती आम्हांस मान्य नाहीं. ते म्हणतात, ओरडणारे थोडे आहेत, सवयीनें ओरडतात, चार दिवसांनीं गप्प बसतील. ओरडणारे थोडे आहेत हें खरें असेल, पण वस्तीचा वाडा उभा राहिला तो याच थोड्यांच्या चित्रांवर व अभिप्रायांवर. संख्येनें शंभरांतील एक असलेला मनुष्य वजनानें त्याहून पुष्कळ अधिक असूं शकतो.

मग बोलणें सोडून वागणें पाहावें, हें ओघानेंच आलें. लोक काय म्हणतात तें राहूं द्या. ते किती वेळां येतात, किती चित्रें चढवितात, किती काळ थांबतात, हें संगणक बिनचूक टिपून ठेवतो. आमच्या वाचनालयांतील देवघेवीची वही ती हीच. पण वहीही फसविते. मे २०१३ नंतर चित्रें चढविण्याचें प्रमाण समजा वाढलें. तें वाढलें कशानें? चित्रें मोठीं दिसूं लागलीं म्हणून, टेराबाइटभर जागा फुकट मिळाली म्हणून, कीं टंबलरच्या खरेदीमुळें याहूचें नांव त्या आठवड्यांत वर्तमानपत्रांत गाजत होतें म्हणून? तिन्ही गोष्टी एकाच दिवशीं घडल्या. औषध, पथ्य आणि हवापालट एकाच दिवशीं सुरू केल्यावर गुण कशानें आला हें वैद्य कसें सांगणार? ज्यास परिणाम मोजावयाचा आहे त्यानें एका वेळीं एकच गोष्ट बदलावी, हा नियम प्रयोगशाळेंत पहिल्या दिवशीं शिकविला जातो, आणि व्यापाराच्या घाईंत तोच प्रथम मोडला जातो.

या टेराबाइटची पुढील कथा बोधप्रद आहे. एप्रिल २०१८ मध्यें स्मगमग या कंपनीनें फ्लिकर विकत घेतलें, आणि त्याच वर्षाच्या नोव्हेंबरांत फुकट सभासदांस १,००० चित्रांची मर्यादा घालण्यांत येत असल्याचें जाहीर केलें. कारण असें दिलें कीं, फुकटच्या जागेनें जे लोक ओढले गेले त्यांपैकीं बहुतेकांस जागा हवी होती. छायाचित्रणाची आवड असलेल्या दुसऱ्या माणसांशीं संबंध नको होता. फुकट सभासदांपैकीं शेंकडा ९७ हून अधिक जणांचीं चित्रें १,००० च्या आंतच आहेत, असाही आंकडा कंपनीनें दिला. म्हणजे पांच वर्षांपूर्वीं कोणी 'किती चित्रें चढलीं' एवढेंच मोजून नव्या रूपाचा गौरव केला असता, तर त्यानें वस्तीच्या भरभराटीऐवजीं कोठाराची भरती मोजली असती. पोतीं वाढलीं, माणसें नव्हेत. आणि ज्या बिचाऱ्यांनीं त्या वचनावर विसंबून हजारों चित्रें तेथें साठविलीं, त्यांस पैसे भरा नाहीं तर चित्रें हलवा असा निरोप आला. हिशेबाच्या चुकीची किंमत हिशेब करणारानेंच भरावी असें जगांत नेहमीं घडत नाहीं.

असो. एका वेळीं एकच गोष्ट बदलली, तरीही 'आधीं' आणि 'नंतर' यांची तुलना पुरी पडत नाहीं. मे महिन्यांत बदल केला व जूनमध्यें गर्दी ओसरली, तर ती बदलामुळें कीं सुट्या लागल्यामुळें? यावर उपाय सांपडला तो शेतांत. इंग्लंडमधील रॉथॅमस्टेड येथील कृषिसंशोधनाच्या ठाण्यावर रोनाल्ड फिशर हे १९१९ सालीं कामास लागले. तेथें खतांचे प्रयोग दीर्घकाळ चालत आले होते. पण एका वाफ्याची जमीन मुळांतच कसदार, दुसऱ्याची नापीक. मग पीक आलें तें खताचें कीं जमिनीचें? फिशर यांनीं सांगितलें कीं, कोणत्या वाफ्यास कोणतें खत घालावयाचें हें माणसानें ठरवूंच नये. चिठ्ठ्या टाकून ठरवावें. चिठ्ठी ना जमीन ओळखते ना शेतकरी. त्यामुळें बरेवाईट वाफे दोन्ही बाजूंस सारखे वांटले जाण्याचा संभव असतो, आणि जो थोडा असमतोल राहील तो किती असूं शकेल याचें गणित मांडतां येतें. १९३५ सालीं प्रसिद्ध झालेल्या 'द डिझाइन ऑफ एक्स्पेरिमेंट्स' या ग्रंथांत त्यांनीं एका बाईचें उदाहरण घेतलें आहे, जी म्हणे, दूध आधीं ओतलें कीं चहा आधीं, हें मी चवीवरून सांगतें. आठ पेले, चार असे व चार तसे, चिठ्ठीच्या क्रमानें पुढें ठेवावे, म्हणजे तिचें म्हणणें खरें कीं दैवयोग, हें पारखतां येतें.

संकेतस्थळांवर आज हेंच चालतें, फक्त वाफ्यांच्या जागीं माणसें आहेत. सभासदांचे यदृच्छेनें दोन भाग करावयाचे. एकास जुनी मांडणी, दुसऱ्यास नवी, आणि दोन्हीही एकाच काळांत दाखवावयाच्या. सुटी असो, सण असो, वर्तमानपत्रांतील गवगवा असो, दोन्ही भागांवर त्यांचा भार सारखाच पडतो. उरेल तो फरक मांडणीचा. हिला लोक अ-ब चांचणी म्हणतात.

उरलेल्या फरकांतही दैवाचा वाटा असतो, तो वजा केल्यावांचून बोलूं नये. समजा, १,००० सभासदांस जुनी व दुसऱ्या १,००० सभासदांस नवी मांडणी दाखविली, आणि महिन्याभरांत पहिल्यांपैकीं १०० व दुसऱ्यांपैकीं ११० जणांनीं एक तरी चित्र चढविलें. शेंकडा दहाचे अकरा झाले म्हणून चालकानें पेढे वांटावे काय? दोन्ही मांडण्या अगदीं एकसारख्या असत्या, तरी एवढ्या लहान गटांत केवळ योगायोगानें शेंकडा सुमारें १.३ इतका हेलकावा सहज बसतो. तेव्हां एकाच्या फरकानें कांहींच सिद्ध होत नाहीं. पण गट लाख लाखांचे असतील, तर हा हेलकावा शेंकडा ०.१३ वर येतो, कारण संख्या शंभरपट झाली म्हणजे हेलकावा तिच्या वर्गमुळाच्या मानानें, म्हणजे दशांश होतो. मग तोच शेंकडा एकचा फरक दैवाचा म्हणतां येणार नाहीं. ज्या विद्यार्थ्यांस हें पटत नसेल त्यांनीं एक नाणें घेऊन दहा दहा वेळां व नंतर शंभर शंभर वेळां उडवावें, आणि छापांचें शेंकडा प्रमाण प्रत्येक खेपेस वहींत मांडून पाहावें. गणिताच्या तासास आम्हीं सांगितलेलें सूत्र विसरेल, हें विसरणार नाहीं.

येथपर्यंत मोजावयाचें कसें हें झालें. मोजावयाचें काय, हा प्रश्न त्याहून अवघड आहे. मायक्रोसॉफ्टच्या बिंग या शोधयंत्रावर एका प्रयोगांत दोषामुळें कांहीं लोकांस अत्यंत वाईट उत्तरें दिसूं लागलीं. त्या गटांतील प्रत्येक माणसामागें शोधांची संख्या शेंकडा १० नें वाढली व उत्पन्न शेंकडा ३० नें वाढलें, असें तेथील संशोधकांनीं २०१२ सालीं प्रसिद्ध केलें. कारण उघड आहे: उत्तर मिळेना म्हणून लोक पुन्हा पुन्हा विचारूं लागले, आणि खरीं उत्तरें निकामी म्हणून जाहिरातींवर बोट ठेवूं लागले. केवळ आंकड्यांवर भरंवसा ठेवणाऱ्या चालकानें तो दोषच कायम केला असता. छायाचित्रांच्या पानावरही चित्राचें नांव लपविलें म्हणजे तें वाचण्यासाठीं लोक अधिक हालचाल करणार. ती हालचाल आवड म्हणून मोजावी कीं अडचण म्हणून? बाजारांत वाट चुकलेला मनुष्यही पुष्कळ दुकानांवरून जातो.

काळाचाही विचार हवा. नव्याचे नऊ दिवस ही आपली म्हण येथें दोन्ही अंगांनीं खरी आहे. कांहीं लोक नवल म्हणून नव्या पानावर सगळीकडे बोट लावून पाहतात. पहिल्या आठवड्याचे आंकडे फुगतात व मागाहून बसतात. उलट जुन्या सभासदांचे हात जुन्या जागेवर जातात व तेथें कांहीं सांपडत नाहीं. त्यांचे आंकडे पहिल्या आठवड्यांत पडतात व सवय झाली कीं सावरतात. म्हणून जाणते लोक दोन युक्त्या करतात: चांचणी पुष्कळ आठवडे चालवितात, आणि नुकत्याच आलेल्या सभासदांचा हिशेब वेगळा ठेवतात, कारण त्यांस मोडावयाची सवयच नसते.

सवयीचा राग कोणता व खरें नुकसान कोणतें, हें ओळखण्यास दोन प्रसंग ताडून पाहण्यासारखे आहेत. सप्टेंबर २००६ मध्यें फेसबुकनें मित्रांच्या सर्व घडामोडी एकाच पानावर वाहत आणून दाखविण्याची नवी व्यवस्था केली. थोड्याच दिवसांत निषेधाच्या एका गटांत सुमारें ७ लक्ष लोक सामील झाले, आणि तेव्हां फेसबुकचे एकंदर सभासदच एक कोटीच्या आंतबाहेर होते. पण तो निषेध इतक्या वेगानें पसरला तोच मुळीं त्या नव्या व्यवस्थेमुळें. निषेध करणारे तिचाच उपयोग करीत होते. चालकांनीं खासगीपणाचे कांहीं निर्बंध घातले व व्यवस्था कायम ठेवली. ती पुढें टिकली. बारा वर्षांनीं स्नॅपचॅट या चित्रें धाडण्याच्या साधनानें आपलें रूप बदललें, व फेब्रुवारी २०१८ मध्यें तें सर्वत्र पोंचलें. बदल मागें घ्या अशा अर्जावर १२ लक्षांहून अधिक सह्या झाल्या. येथेंही ओरड शमेल असें पुष्कळांस वाटलें असेल. परंतु रोज वापरणारांची संख्या २०१८ च्या पहिल्या तिमाहींत १९ कोटि १० लक्ष होती ती दुसऱ्या तिमाहींत १८ कोटि ८० लक्षांवर व तिसऱ्यांत १८ कोटि ६० लक्षांवर आली. चालकांनीं स्वतः याचें मुख्य कारण नवें रूपच असें सांगितलें. गंमत अशी कीं, ज्या दुसऱ्या तिमाहींत माणसें घटलीं त्याच तिमाहींत कंपनीचें उत्पन्न मागील वर्षाच्या त्याच तिमाहीपेक्षां शेंकडा ४४ नें वाढून २६ कोटि २० लक्ष डॉलर झालें होतें. पैशाची वही पाहणारा म्हणाला असता, सर्व कुशल आहे. पुढें मांडणींत सुधारणा झाल्या, आणि २०१९ च्या पहिल्या तिमाहींत संख्या १९ कोटींवर परतली. दोन्ही प्रसंगीं ओरड मोठीच होती. ओरडीच्या उंचीवरून निकाल ओळखतां आला नसता.

छायाचित्रांच्या देवघेवींत आणखी एक अडचण आहे, आणि ती शेतांत नव्हती. एका वाफ्यांतला गहूं शेजारच्या वाफ्यांतल्या गव्हास पत्र लिहीत नाहीं. माणसें लिहितात. समजा, नव्या मांडणींत अभिप्राय लिहिणें अवघड झालें. नव्या गटांतील मनुष्य कमी अभिप्राय लिहील. पण त्याचे अभिप्राय जात होते ते जुन्या गटांतील मित्रांच्या चित्रांखालीं. ते मित्र उदास होऊन कमी चित्रें चढवूं लागतील. म्हणजे नव्याचें नुकसान जुन्याच्या खात्यांतही पडलें, दोन्ही आंकडे मिळून खालीं आले, आणि त्यांतील फरक लहान दिसला. वजाबाकी बरोबर, उत्तर चूक. यासाठीं एकेका माणसाची चिठ्ठी न काढतां एकमेकांशीं जोडलेल्या सबंध समूहांची, निदान एकेका शहराची वा देशाची, चिठ्ठी काढावी लागते. पण मग गट थोडे होतात व वर सांगितलेला दैवाचा हेलकावा वाढतो. एकीकडे ओढावें तर दुसरीकडे उघडें पडतें.

हें सर्व वाचून एखाद्या विद्यार्थ्याच्या मनांत आलें असेल कीं, ज्यांच्यावर हे प्रयोग होतात त्यांस कोणी विचारतें काय? बहुधा नाहीं. डिसेंबर २०१८ मध्यें इन्स्टाग्रामवर चित्रें वरून खालीं सरकण्याऐवजीं आडवीं सरकूं लागलीं व मोठा कोलाहल झाला. चालकांनीं सांगितलें कीं, थोड्या लोकांवर करावयाची चांचणी चुकून फार लोकांवर झाली, आणि ती लागलीच मागें घेतली. चूक झाली नसती तर ते 'थोडे लोक' आपण प्रयोगांत आहों हें जाणतेही ना. मांडणीच्या प्रयोगांत फारसें जात नाहीं असें म्हणतां येईल; पण हीच पद्धति पुढें कोठवर जाते पाहा. जानेवारी २०१२ मध्यें एक आठवडाभर फेसबुकनें ६,८९,००३ लोकांच्या पानांवरील मित्रांचे आनंदी किंवा दुःखी मजकूर मुद्दाम कमी करून, त्यांच्या स्वतःच्या लिहिण्यांतील भाव बदलतो काय हें पाहिलें. जून २०१४ मध्यें तो निबंध अमेरिकेच्या नॅशनल ॲकॅडमीच्या कार्यवृत्तांत प्रसिद्ध झाला. परिणाम अगदीं अल्प निघाला; पण संमति न घेतां माणसांचीं मनें चांचपण्याबद्दल जो क्षोभ झाला तो अल्प नव्हता, आणि खुद्द त्या नियतकालिकाच्या संपादकांनीं पुढील महिन्यांत आपली चिंता छापून व्यक्त केली. मोजणें हें पाप आहे असें आमचें म्हणणें नाहीं. न मोजतां बदल लादणें हें त्याहून वाईट. परंतु ज्याच्या घराचीं, लेकरांचीं व गेलेल्या माणसांचीं चित्रें आपण संभाळावयास घेतलीं, त्यास मांडणी बदलण्यापूर्वीं कळवावें, त्याचीं चित्रें हवीं तेव्हां परत नेण्याची वाट खुली ठेवावी, एवढी सभ्यता कोणत्याही गणिताच्या आड येत नाहीं.

आतां आमच्या वाचनालयाकडे परत येऊं. हातांनीं एक सांगितलें व वहीनें दुसरें. पण कां, हें दोघांनींही सांगितलें नाहीं. म्हणून एके दिवशीं मधल्या सुटींत आम्ही कागद चाळण्याचें निमित्त करून कोपऱ्यांत बसून राहिलों. पांचवींतला एक मुलगा आला. गोष्टींच्या पुस्तकांच्या कपाटापुढें उभा राहिला, मान वर केली, टांचा उचलल्या, हात लांब केला. विषयवार लावण्याच्या भरांत गोष्टींचीं पुस्तकें आमच्या हातून सर्वांत वरच्या फळीवर गेलीं होतीं. आम्हांस तीं नजरेच्या समोर येत. मुलानें इकडे तिकडे पाहिलें, खालच्या फळीवरील भूगोलाचें एक जाड पुस्तक काढून दोन चित्रें पाहिलीं, तें नीट जागेवर ठेविलें आणि निघून गेला. पूर्वीं शिपायाचा हात होता. तो आम्हीं काढून घेतला होता.

दुसऱ्याच दिवशीं फळ्या बदलल्या. जूनमध्यें शाळा उघडल्यावर वहींत खालच्या वर्गांचीं नांवें पुन्हा दाटीनें दिसूं लागलीं, तेव्हां मुख्याध्यापकांनीं आमचें अभिनंदन केलें. परंतु त्या महिन्यांत वर्ग बदलले होते, पांचवींत नवीं मुलें आलीं होतीं, आणि पावसामुळें मैदान बंद होतें. फळ्यांचा गुण किती आणि पावसाचा किती, हें आम्हांस अद्याप सांगतां येत नाहीं.